सहाच्या गाडीआधीचं पाणी

भोकर–लातूर गाडी सकाळी सहाला भोकरहून सुटते. सव्वासातला ती नांदेडला येते आणि तिथं मी चढते. लोह्याच्या शाळेत शिकवायला लागून मला सोळा वर्षं झाली. त्यातली मागची अडीच वर्षं या गाडीवर उज्वला वाघमारे कंडक्टर आहेत. दरवाज्याजवळच्या त्यांच्या सीटमागची सीट माझी, ठरलेली. एवढ्या जवळ बसून रोज एका बाईला बघत होते आणि तिचं काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. याची अजून शरम वाटते.

उज्वलाबाईंचं वय एक्केचाळीस. उंच, सडपातळ बांधा, खाकी कडक इस्त्रीची. आवाज असा, की मागच्या सीटवर झोपलेला माणूसही तिकिटाला हात वर करायचा. अर्ध्या तिकिटावाल्या म्हाताऱ्यांशी त्यांची थट्टा चालायची. "मावशे, तिकीट अर्धं हाय, सीट न्हाई. सरक की जरा!" नवरा दयानंद, भोकरला पिठाची गिरणी चालवतो. एकुलती एक मुलगी रेणुका लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करायची, तिथंच मुलींच्या होस्टेलवर राहायची. लातूरची लांबची ड्यूटी उज्वलाबाईंनी मागून घेतली होती ती त्या पोरीसाठी. गाडी अकराच्या पुढं लातूरला लागायची, बाराला परत निघायची. तेवढ्या वेळात रेणुका धावत स्टँडवर यायची. दोघी पंधरा मिनिटं बोलायच्या, डबा बदलायच्या.

पुढचं सगळं उज्वलाबाईंनी मला मागाहून सांगितलं. थोडं मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या सकाळी पाणी पीत नसत. उठायच्या साडेचारला. चूळ भरायची ती थुंकून टाकायची, चहा दोन घोट, तोही नवरा आग्रह करतो म्हणून. संध्याकाळी जेवताना पेलाभर पाणी पोटात जायचं, त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी लातूरला पोचल्यावर, तेही अर्धी वाटी. परतीच्या वाटेवर पुन्हा काही नाही. पिशवीत लीटरची बाटली असायची, भरलेली. कोणा प्रवाशाच्या लेकराला तहान लागली तर द्यायला.

याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, दुसऱ्या एका रस्त्यावर, एका स्टँडवर त्यांना घाई लागली. बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली कोणाकडं, विचारलं तर दोघे-तिघे हसले. शेवटी त्या मागच्या पडक्या भिंतीआड गेल्या. उठताना वर पाहिलं तर भिंतीवरून एक हात बाहेर आलेला आणि हातात मोबाईल. त्या ओरडल्या. हात गेला, पळणारी पावलं ऐकू आली. बाहेर येऊन पाहिलं तर स्टँडवर शंभर माणसं, शंभर जणांच्या हातात मोबाईल. त्यातला कोणता?

त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पुढं कित्येक महिने तिकीट देताना कोणी मोबाईलमध्ये बघून हसलं की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. त्या दिवसापासून सकाळचं पाणी बंद. नऊ वर्षं.

मागच्या फेब्रुवारीत लघवीला आग व्हायला लागली. उन्हाळी लागली असेल म्हणून त्यांनी धने भिजवून घेतले, तेही संध्याकाळी. मग उजव्या कुशीत दुखायला लागलं. दुखणं बरगडीखालून निघायचं आणि मांडीपर्यंत उतरायचं. गाडी खड्ड्यात आदळली की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मार्चमध्ये एका सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. दुसऱ्या दिवशी लालसर.

त्या सकाळी त्या न्हाणीत उभ्या राहिल्या आणि त्यांना बाप आठवला.

बाप नरसिंग, उमरीचा. पाटबंधाऱ्याच्या कामावर मुकादम होता. उज्वलाबाई एकोणीस वर्षांच्या असताना त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बापाला घेऊन त्या उमरीहून नांदेडला डायलिसिसला जायच्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, दिवसाला चहाचे चार कप. कप पोरीच्या हातात. उन्हाळ्याचे दिवस. धिप्पाड माणूस वाळून खाटेएवढा झालेला, ओठ फुटलेले. लिंबाची फोड चोखत पडायचा आणि म्हणायचा, "पोरी, एक घोट दे. कोणी बघून न्हाई राहिलं."

त्या तोंड फिरवायच्या. मे महिन्यात तो गेला. शेवटचा कप उज्वलाबाईंनी दिला नव्हता, कारण त्या दिवसाचे चार संपले होते.

आता लाल रंग पाहून त्यांनी काय केलं? दुसऱ्या कोणीही दवाखाना गाठला असता. त्यांनी न्हाणीतला दिवा लावायचं सोडून दिलं. अंधारात जायचं, अंधारात पाणी ओतायचं, बाहेर यायचं. रंग दिसलाच नाही तर तो नाही. "मॅडम, मला रोगाची तेवढी भीती न्हाई वाटली," त्या मला म्हणाल्या. "मला त्या कपाची भीती वाटली. आता रेणुका माझ्या खाटंपाशी कप घेऊन बसल, असं रोज दिसायचं."

पोरीला कळायचं ते कळलंच. रेणुका हुशार. आईचं तोंड सुकलेलं, ओठांना भेगा, हे तिच्या नजरेत भरलं होतं. एका दुपारी लातूरच्या स्टँडवर तिनं आईच्या बाटलीच्या झाकणावर आपल्या केसांचं रबर गुंडाळून दिलं. म्हणाली, झाकण गळतंय. दुसऱ्या दिवशी बाटली हातात घेऊन तिनं विचारलं,

"आई, आज किती पाणी पिलीस?"

"पिले की. दोन-तीनदा."

"ही बाटली?"

"हाव. लोह्याला परत भरून घेतली."

"खोटं बोलू नको. रबर कालचं हाय. मी दोन पिळे देऊन गाठ मारली होती, ती तशीच हाय." पोरीनं बाटली बाजूला ठेवली. "लघवीचा रंग कसा हाय तुझ्या?"

"हळू बोल! स्टँड हाय हे."

"असू दे. रंग सांग."

बाजूला केळीवाला उभा होता, उज्वलाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

"आई, उमरीच्या आबाला झालं तेच तुला…"

उज्वलाबाईंचा हात उठला. पोरीच्या गालापाशी जाऊन थांबला. इतक्या वर्षांत त्यांनी तिला बोट लावलं नव्हतं. रेणुका मागं सरली नाही, नुसती उभी राहिली, डोळ्यांत पाणी घेऊन. शेवटी आईच म्हणाली, "तुझी परीक्षा होऊ दे. मे महिना होऊ दे. मग तू म्हणशील त्या दवाखान्यात येते. शपथ."

तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा होता. त्या रविवारी त्यांची सुट्टी होती. मोबाईलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस ठासून सांगत होता, सकाळी उठल्याबरोबर, दात न घासता, उपाशीपोटी दीड लीटर कोमट पाणी एका दमात प्यायचं. किडनी आतून धुऊन निघते, खडे विरघळून पडतात, दवाखान्याचं तोंड बघावं लागत नाही. उज्वलाबाईंना वाटलं, नऊ वर्षांचं पाप एका सकाळी फेडता येतंय. त्यांनी तीन तांबे कोमट करून घेतले. पहिला गेला. दुसऱ्याला पोट तडतडलं. तिसरा त्यांनी डोळे मिटून ओतला.

अर्ध्या तासानं उजव्या कुशीत कोणी तापलेली सळई फिरवावी तसं झालं. त्या स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन लोळल्या. सगळं पाणी उलटून पडलं. दयानंद गिरणीवरून चहाला आले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, घामानं भिजलेल्या.

"काय झालं गं?"

"पित्त."

"असलं कसलं पित्त? चल, गाडी काढतो."

"मला काय धाड भरली न्हाई. गिरणीवर गिऱ्हाईक थांबलं असंल, जा तुमी."

दुपारपर्यंत कळ ओसरली. सोमवारी सहाच्या गाडीवर त्या हजर होत्या.

गुरुवारचा दिवस मला विसरता येत नाही. नांदेडहून गाडी निघाली, माझा पास त्यांनी पाहिला, तेव्हा त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. तव्यासारखी. मी म्हटलं, "ताप आहे की तुम्हाला." त्या हसल्यासारखं करून पुढं गेल्या. सोनखेडच्या अलीकडं त्या परत येऊन सीटवर बसल्या. बाहेर आठ वाजताच ऊन चटके देत होतं, खिडकीतून झळा येत होत्या, आणि त्या बाईला हुडहुडी भरली. दातावर दात वाजायला लागले. तिकिटाचं मशीन मांडीवरून घसरून खाली पडलं. ते उचलायला त्या वाकल्या आणि तशाच पुढं कलंडल्या.

मी त्यांना धरलं. माझी ओढणी अंगावर टाकली. "मॅडम, लई थंडी वाजून राहिली," त्या पुटपुटत होत्या. डोळे अर्धवट उघडे, पण कोणाकडं बघत होते कळेना. ओठ निळसर. मागून कोणीतरी विचारलं, "गेल्या का?"

ड्रायव्हर मलप्पा, देगलूरकडचा, रिटायर व्हायला वर्षभर राहिलेला. त्यानं गाडी कडेला घेतली, येऊन वाकून पाहिलं. "अक्का, ए अक्का, डोळे उघडा." त्या नुसत्या कण्हल्या. मलप्पानं एक क्षण विचार केला, परत जाऊन सीटवर बसला आणि भर रस्त्यात ते गाडीचं धूड वळवायला लागला.

"ओ, माझी अहमदपूरला कोर्टाची तारीख हाय!" एक जण उठून उभा राहिला.

"उतरायचं असंल त्यानं उतरा," मलप्पा मागं न बघता म्हणाला. "गाडी दवाखान्यात चालली."

कोणी उतरलं नाही. तारीखवालाही बसला. नांदेडपर्यंतचा तो अर्धा तास मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन होते. मध्येच त्यांनी माझं मनगट पकडलं. "रेणुकाला सांगू नका. परीक्षा हाय तिची." थोड्या वेळानं पुन्हा, अगदी लहान पोरीच्या आवाजात, "मला पाणी मोजून देणार का?"

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "नाही हो, हवं तेवढं देतील." त्यांच्या चेहऱ्यावर एवढी भीती होती, की मी वेगळं काय बोलणार?

दवाखान्यात डॉक्टर शिल्पा म्हणून होत्या, तिशीतल्या, भराभर बोलणाऱ्या. सोनोग्राफी झाली. उजव्या किडनीतून उतरलेला खडा मूत्रनळीत अडकला होता, त्याच्यामागं लघवी तुंबली होती आणि तिचा पू झाला होता. पुवाचं विष रक्तात उतरलं होतं. रक्तदाब खाली चालला होता. डॉक्टर म्हणाल्या, खड्याच्या बाजूनं नळी घालून पू आत्ताच बाहेर काढायला हवा, संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही.

स्ट्रेचरवरून आत नेताना उज्वलाबाईंना थोडी शुद्ध होती. त्यांनी डॉक्टरांचा कोट धरला. "बाई, डायलिसिस लागंल का?"

"आत्ता नाही सांगता येणार. आधी तुम्हाला वाचवू द्या."

हे ऐकून त्या बाईनं डोळे मिटून घेतले. दार बंद झालं. तेवढ्यात दयानंद पोचले. गिरणीवरून उठून तसेच आलेले, भुवयांवर, केसांत पीठ. हातात काहीच नाही, पायात दोन वेगळ्या चपला. त्यांनी मला विचारलं, "पित्त नव्हतं का?" आणि बाकावर बसून घेतलं. पुढचा तासभर तो माणूस दार उघडलं की उभा राहायचा, बंद झालं की बसायचा.

नळी बसली. पण दोन दिवस काही खरं नव्हतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम किती बिघडलंय ते दाखवणारा आकडा, दुसऱ्या दिवशी आणखी वाढला. उज्वलाबाई खाटेवर पडून लघवीच्या पिशवीकडं बघत राहायच्या. अंधारात जाणाऱ्या बाईला आता रंग चोवीस तास डोळ्यांसमोर टांगून ठेवलेला. रेणुकाला अखेर दयानंदनीच फोन केला. ती पहिल्या गाडीनं आली. आईच्या पायाशी बसली, न रडता. आईनं तिला पाहिलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं. पोर कप घेऊन बसलेली दिसते का काय, अशी धास्ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवीतलं पाणी पिवळसर, स्वच्छ दिसलं. दुपारी आकडा खाली आला. डॉक्टर शिल्पा खाटेवर टेकल्या आणि त्यांनी विचारलं, "आता मला खरं सांगा. दिवसाला किती पाणी पिता?"

उज्वलाबाईंनी सांगितलं. नऊ वर्षं, सगळं. तो भिंतीवरचा हातसुद्धा. दयानंद दारात उभे होते. त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "झोपेत पाणी पोटात जात नाही, त्यामुळं सकाळी लघवी दाट असते. तेव्हा तुम्ही पाणी पीत नव्हता आणि वरून सहा-सहा तास रोखून धरत होता. खडा आणि जंतू, दोघांना रान मोकळं."

"पण मी एकदा दीड लीटर पिले होते बाई. त्यानंच वाढलं."

"तुंबलेल्या नाल्यात वरून बादली ओतली तर काय होईल? एका दमात पिऊन खडा विरघळत नाही. सकाळी एक-दोन पेले, सावकाश, आणि मग दिवसभर थोडं थोडं. लघवी फिकट राहील एवढं. पण एक ऐका, हे सगळ्यांना लागू नाही. ज्यांची किडनी गेलीय, हृदय कमजोर आहे, त्यांना पाणी डॉक्टरला विचारूनच."

"माझ्या बापासारखं."

"हो. पण तुम्ही तुमच्या बापाच्या जागी नाही. डावी किडनी चांगली आहे. उजवीला मार बसलाय, तो किती ते सहा महिन्यांनी कळेल. तुम्हाला कोणी कप मोजून देणार नाही."

उज्वलाबाई रडल्या त्या तेव्हा. रेणुकानं पेला पुढं केला, काठोकाठ भरलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला.

पुढं लेझरनं खडा फोडला, नळी काढली. रेणुकानं परीक्षा दिली. मार्क हवे तेवढे पडले नाहीत, आणखी एक वर्ष लातूरलाच क्लास करायचं ठरलं. दयानंद म्हणत होते, "ऑफिसातलं काम माग, न्हाईतर उमरीची जवळची ड्यूटी घे." उज्वलाबाईंनी लातूरचीच घेतली. अडीच महिन्यांनी त्या पुन्हा सहाच्या गाडीवर आल्या. खाकी अंगावर लोंबत होती.

त्या सकाळी पाच वाजता त्या दोन पेले पाणी प्यायल्या होत्या. ड्यूटीच्या दिवशी, नऊ वर्षांत पहिल्यांदाच. नांदेडला मी चढले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, पुन्हा ताप. त्या हळूच म्हणाल्या, "स्टँडवर रांग होती मॅडम. नंबर लागला न्हाई. गाडी सुटायची वेळ झाली." मग दांडी घट्ट धरून उभ्या राहिल्या. प्रत्येक गतिरोधकाला त्यांचे डोळे मिटत होते.

सोनखेडच्या पुढं रस्त्याकडेला पेट्रोलपंप दिसायला लागला. त्या ड्रायव्हरच्या केबिनपाशी गेल्या.

"मामा, पंपावर गाडी घ्या."

"डिझेल हाय की अक्का."

"डिझेलला न्हाई."

मलप्पानं आरशात त्यांच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता गाडी आत घेतली. उज्वलाबाई वळून प्रवाशांसमोर उभ्या राहिल्या. ज्या आवाजानं त्या अडीच वर्षं गाडी हलवत होत्या तो आवाज निघेना. खाकरून त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं गाडी थांबणार हाय. बायकांना जायचं असंल तर चला."

कोणी हललं नाही. पुरुष खिडकीबाहेर बघायला लागले. एकानं घड्याळावर बोट मारलं. त्या एकट्याच खाली उतरल्या, मान खाली घालून. मी बघत होते, पंपाच्या मागच्या त्या पत्र्याच्या दाराच्या कडीवर त्यांचा हात गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी दाराच्या वर पाहिलं, बाजूला, भिंतीच्या कडेला, पुन्हा वर. आत जायचं धाडस होईना.

मी उठले आणि उतरले. लोह्याच्या शाळेत सोळा वर्षं मीसुद्धा सकाळचं पाणी पिऊन घराबाहेर पडलेली नाही. हे मी आजवर माझ्या घरीही बोलले नव्हते. मी दाराशी जाऊन पाठ लावून उभी राहिले. "जा तुम्ही. मी इथं आहे."

त्या आत गेल्या. मागं वळून पाहिलं तर नऊवारीतली एक म्हातारी पायरी उतरत होती, तिच्यामागं लेकुरवाळी, तिच्यामागं कॉलेजच्या दोन पोरी. मोजल्या तर अकरा जणी झाल्या. गाडी चौदा मिनिटं थांबली. चालू झाल्यावर मागून एक जण बडबडला, "रोजचंच झालं तर हे?" मलप्पानं उत्तरादाखल जोरात हॉर्न वाजवला.

आता ती गाडी रोज तिथं थांबते. उज्वलाबाई आत जाण्याआधी अजूनही भिंतीच्या वर बघतात.

सहा महिन्यांची तपासणी झाली आहे. उजव्या किडनीचा रिपोर्ट सोमवारी मिळणार. काल तिकीट फाडता फाडता त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी याल का संगं? ते पाकीट माझ्यानं उघडवणार न्हाई." मी सोमवारची रजा टाकली आहे.